गजेंद्रचा ताप, डोमाजींचा काढा

बालाघाटात गाद्या, कनाती, खुर्च्या आणि स्वयंपाकाचे गंज भाड्यानं देणारी बिछायत केंद्रं काही कमी नाहीत. पण घरात लग्न निघालं की शहाणा बाप आधी गजेंद्र परातेचं दार गाठतो, कारण गजेंद्रचा मंडप एक दिवस आधी उभा राहतो. इतरांच्या गाड्या नवरीला हळद लागत असताना येतात आणि पाहुण्यांच्या डोक्यावरून बांबू फिरतात. गजेंद्रच्या मंडपात आदल्या संध्याकाळीच दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात आणि घरची पोरं गाद्यांवर कोलांट्या मारत असतात. लोक म्हणतात, माणूस शब्दाचा पक्का आहे. गजेंद्र हसून मान डोलावतो. खरी गोष्ट अशी की उद्या आपण पायावर उभे असू की नाही, याची त्याला कधीच खात्री नसते. मुहूर्त पंडित काढतो, पण त्याचा ताप पंडिताला विचारून येत नाही.

हा ताप त्याच्या मागे लागला तो चार-पाच वर्षांचा असताना. सकाळी अंगावर शहारा येई, दुपारपर्यंत अंग तव्यासारखं तापे, पोट इतकं दुखे की अंगावरची चादरसुद्धा जड वाटे, आणि एखादा घोटा नाहीतर गुडघा लाल होऊन सुजे. दोन दिवस असे जात. तिसऱ्या दिवशी उतार पडे आणि चौथ्या दिवशी पोरगं जांभळीच्या झाडावर असे. नेमके तेव्हाच शाळेचे गुरुजी सायकलवरून तिथून जात. आजारी म्हणून घरी राहिलेला मुलगा फांदीवर बसून जांभळं खाताना दिसल्यावर गुरुजींनी तरी काय समजावं? त्यांनी त्याचं नाव नाटक्या ठेवलं, आणि ते दहावीपर्यंत त्याला चिकटून राहिलं. महिना-दीड महिना बरा जाई आणि पुन्हा ती शिरशिरी येई.

हा जिल्हा मलेरियाचा. इथं ताप आला की आधी बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतात. गजेंद्रच्या बोटांची लहानपणीच चाळण झाली होती. मलेरिया कधी निघाला नाही, पण बालाघाटात ताप म्हणजे मलेरियाच, तेव्हा गोळ्या मात्र दर वेळी मिळाल्या. मग कोणी टायफाइड म्हणालं, त्याची इंजेक्शनं झाली. आई चंपाबाईंनी इतके नवस बोलले की कोणत्या देवाला काय कबूल केलं हे त्यांनाच आठवेना, मग त्यांनी सगळ्यांना नारळ देऊन मोकळं केलं. कॉलेजात असताना पोट दुखतं म्हणून एका डॉक्टरांनी त्याचं अपेंडिक्स काढून टाकलं. टाके निघाले, घरी पेढे वाटले आणि पुढच्याच महिन्यात तोच ताप, तेच पोट घेऊन परत आला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

या सगळ्या औषधांत एक मात्र नेहमी लागू पडे. ते होतं डोमाजींचं.

डोमाजी उकव्याच्या मँगनीज खाणीत तरुणपणापासून राबून पंचेचाळिशीतच निवृत्त झाले आणि बालाघाटला पराते कुटुंबाच्या शेजारी राहायला आले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. खाणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून ते भुईनिंबाचा काढा करायला शिकले होते. हा काढा कडू म्हणणं म्हणजे वैनगंगेला ओली म्हणण्यासारखं आहे. आठ वर्षांचा गजेंद्र तापानं फणफणत पडला होता, तेव्हा डोमाजी वाटी घेऊन आले, त्याचं नाक दाबलं आणि काढा पाजला. तो दिवस तापाचा तिसरा होता. संध्याकाळी पोरगं उठून भात मागू लागलं. चंपाबाई डोमाजींच्या पाया पडल्या.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. पण कावळ्याला काय ठाऊक? त्याला वाटलं फांदी आपल्याच वजनानं मोडली. पुढच्या तापात डोमाजी पहिल्याच दिवशी काढा घेऊन हजर झाले. त्या दिवशी ताप उतरला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी उतरला. त्यावरून त्यांनी नियम बसवला की काढा तीन दिवस घ्यायचा, तिसऱ्या दिवशी गुण येतो. साध्या सर्दी-पडशाचा तापही तीन दिवसांत जातोच. मोहल्ल्यातले लोक काढा पिऊन बरे होऊ लागले, आणि जे झाले नाहीत ते दवाखान्यात गेले, त्यांची कोणी आठवण ठेवली नाही. डोमाजी कोणाकडून छदाम घेत नसत. कोणी शंका काढली तर ते शेजारच्या दाराकडे बोट दाखवून म्हणत, गजेंद्रले विचारा. गजेंद्र सांगे, हौ, काकाजीच्या काढ्यानंच उतरते. त्याला खरंच तसं वाटत होतं. आजारपणात वडील महागू कामावर असत, आई चुलीपाशी असे, आणि उशाशी बसून ओल्या फडक्यानं कपाळ पुसणारा माणूस डोमाजीच असे. त्या माणसाच्या हातात गुण नाही असं कोण म्हणणार?

असा तापत-उतरत गजेंद्र मोठा झाला. नोकरी त्याला जमली नाही, कारण दर महिन्याला आजारी पडून चौथ्या दिवशी टवटवीत तोंडानं येणारा माणूस कोणत्याच साहेबाला खपत नाही. मग त्यानं बिछायतीचा धंदा काढला. मे महिन्यात मालक स्वेटर घालून आला की कामगार समजत, आज गाडी आपल्यालाच न्यायची आहे. तो गोदामात गाद्यांच्या ढिगावर पडून फोनवरून मंडप उभारून घेई. ज्याच्या गोदामात शंभर गाद्या आहेत, त्याला आजारी पडायला जागेची काय कमी?

लग्नाच्या वेळी त्यानं काही लपवलं नाही. वारासिवनीला श्रद्धाला बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात असतानाच सांगून टाकलं की महिन्यातून दोन-तीन दिवस आपण कामाचे नसतो. श्रद्धा म्हणाली की तिच्या वडिलांना रोज संध्याकाळी राग येतो, त्या मानानं महिन्यातून एकदा येणारा ताप तिला सोसेल. तिथंच जमलं.

त्या तापाचं मूळ सापडलं तेही श्रद्धामुळंच. एकदा पोटाबरोबर छातीतही कळ आली आणि श्वास घेता येईना, तेव्हा ती त्याला नागपूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. ताप असतो तेव्हा काय होतं हे सगळेच विचारत. त्यांनी विचारलं, ताप नसतो तेव्हा कसे असता? गजेंद्र म्हणाला, एकदम ठणठणीत, गाद्यांची गाडी एकटा उतरवतो. बाईंनी त्याचं रक्त घेऊन तपासायला दूर पाठवलं. कळलं ते असं की हा जन्मापासूनचा, वारंवार तापाचा आजार आहे. शत्रू नसतानाच शरीर लढाईला उठतं, दोन-तीन दिवस धुमाकूळ घालतं आणि आपलं आपणच शांत होतं. मुळासकट जाणार नाही, पण रोज एक छोटी गोळी घेतली तर दबून राहील. नाही घेतली तर पुढे कधीतरी मूत्रपिंडं खराब होतील.

परतीच्या बसमध्ये गजेंद्र खिडकीतून बाहेर बघत हसत होता. श्रद्धानं विचारलं तेव्हा म्हणाला की गुरुजी आज हयात असते तर कागद नेऊन दाखवला असता. मग त्याचे डोळे भरून आले. आपण नाटक्या नव्हतो, एवढं एक वाक्य ऐकायला त्याला पस्तिशी गाठावी लागली होती.

गोळी लागू पडली. महिन्याचा ताप चार-पाच महिन्यांवर गेला आणि आला तरी अर्ध्या दिवसात विरू लागला. मोहल्ल्यात सगळ्यांच्या लक्षात आलं. डोमाजींच्या तर आधी आलं. त्यांनी मान ताठ करून चार लोकांत सांगितलं की इतक्या वर्षांनी माझ्या काढ्यानं पोराचा ताप मुळापासून उपटला. गजेंद्र तिथंच उभा होता. तोंड उघडणार तेवढ्यात त्याला म्हाताऱ्याचा चेहरा दिसला, आणि त्यानं तोंड मिटलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर चंपाबाई म्हणाल्या की राहू दे, एवढ्यानं कोणाचं काय बिघडतं. श्रद्धाला ते पटलं नाही. ती म्हणाली, तुम्ही खोटं बोलत नाही हे खरं, पण खरंही बोलत नाही. तरी गजेंद्रनं डोमाजींना ताकास तूर लागू दिली नाही. गोळ्यांची डबी तो कपाटात ठेवी, आणि ताप आलाच तर डोमाजींचा काढा नाक न दाबता गटागट पिऊन टाकी.

अशी चार वर्षं मजेत गेली.

यंदा तुळशीची लग्नं उरकल्यावर डोमाजी एका जुन्या सोबत्याच्या नातवाच्या बारशाला उकव्याला गेले आणि आठ दिवस राहून आले. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना हुडहुडी भरली. दोन घोंगड्या अंगावर घेतल्या तरी दात वाजत. मोहल्ल्याची आरोग्यसेविका आशाताई रक्त घ्यायला आली, तर त्यांनी बोट पुढे केलं नाही. वैद्यानंच सुई टोचून घेतली तर लोक काय म्हणतील? त्यांनी स्वतःचा काढा केला आणि घेतला. पुढच्या दिवशी घाम सुटून ताप उतरला, तेव्हा ते ओट्यावर येऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहा म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशी तो दुप्पट जोरानं आला. काढा पातळ झाला असेल म्हणून त्यांनी घट्ट केला आणि तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

गजेंद्र तेव्हा लामत्याला एका मोठ्या लग्नाच्या कामात अडकला होता. परत आला तर श्रद्धा दारातच उभी. ती म्हणाली की काकाजी दोन दिवस जेवले नाहीत, डोळे पिवळे पडलेत आणि मघाशी मला ओळखलंसुद्धा नाही. गजेंद्रनं चपला न काढताच तिकडे धाव घेतली.

डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाक मारल्यावर वळले, ओळखलं, हसायचा प्रयत्न केला. गजेंद्रनं कपाळाला हात लावला. तापाच्या बाबतीत त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, हा वेगळा ताप होता. त्यानं सरळ सांगितलं की गाडी दारात आहे, दवाखान्यात जाऊ. डोमाजी नाही म्हणाले. त्यानं विनवलं, रागावला, चंपाबाईंना बोलावलं, त्या रडल्या. डोमाजी आपले एकच धरून बसले की उद्या तिसरा दिवस आहे.

"तुहा ताप किती मोठा होता, गजेंद्र," ते म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "माह्याच्यानं तो गेला. मंग माहा नाही जाणार का? लोकायले काय सांगू, बुढ्याचा सोताच्या दवाईवर भरोसा नाही?"

गजेंद्रला आता कळलं की या म्हाताऱ्याला अंथरुणाला कोणी बांधून ठेवलं आहे. मलेरियानं नाही, हट्टानं नाही, आपण बांधून ठेवलं आहे. आपल्या तापाच्या खांबाला. सांगितलं तर तीस वर्षांचा मान एका वाक्यात मातीत जातो, नाही सांगितलं तर माणूस जातो. श्रद्धा दाराशी उभी होती.

"काकाजी," तो म्हणाला, "माहा ताप तुमच्या काढ्यानं कधीच गेला नाही."

डोमाजींनी कोपरावर भार देऊन मान उचलली.

"तो आपला येते, आपला जाते. साधं पानी पेलो असतो तरी तिसऱ्या दिवशी उतरलाच असता. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं. आता कमी झाला तो तिच्या गोळीनं. चार साल झाले, रोज घेऊन राह्यलो. तुमाले सांगतलं नाही."

डोमाजींनी डोळे मिटले. गजेंद्रला वाटलं, आता हे भिंतीकडे तोंड फिरवतील आणि पुन्हा वळणार नाहीत. पण थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला आणि खुंटीवरचा सदरा मागितला. श्रद्धानं तो काढून दिला. गजेंद्रनं त्यांना पोराला घ्यावं तसं उचललं आणि गाडीत गाद्यांवर निजवलं.

दवाखान्यात बोटाला सुई टोचली आणि लगेच कळलं. मलेरिया होता, तोही घातक जातीचा. डॉक्टर म्हणाले की अजून एक दिवस काढला असता तर मेंदूपर्यंत गेला असता, मग काही सांगता आलं नसतं. बाटल्या लागल्या, इंजेक्शनं सुरू झाली. गजेंद्र बाहेरच्या बाकावरून हलला नाही. देवाला नारळ कबूल करायचं काम चंपाबाईंनी पुन्हा हाती घेतलं. एका लग्नाच्या मंडपाचा फोन आला, तर त्यानं पहिल्यांदाच सांगून टाकलं की काकाजी दवाखान्यात आहेत, तुमचा मंडप आयत्या वेळी उभा राहील, चालत असेल तर बघा. नवरीचा बाप म्हणाला, चालेल, आधी काकाजीले सांभाळा.

डोमाजींचा ताप उतरला. डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू कमी झाला. गजेंद्रशी बोलणं मात्र सुरू झालं नाही. नर्स विचारी त्याचं उत्तर देत, श्रद्धानं भरवलेली खिचडी खात, गजेंद्र आला की छताकडे बघत. गजेंद्र समजला. एवढा मोठा मान आपण एका दमात हिसकावून घेतला, आता म्हातारा आपल्याला मनातून उतरवणारच. एका दुपारी खोलीत दोघंच असताना त्याला राहवलं नाही. तो खाली मान घालून म्हणाला की काकाजी, चुकलो, तुमचं नाव घालवलं.

"कोनतं नाव?" डोमाजी म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण धार शाबूत होती. "पयल्या दिवशी हुडहुडी भरली ना मले, तवाच वाटलं होतं का हे काही बरोबर नाही. मनात आलं, जावं दवाखान्यात. मंग म्हटलं, गजेंद्रचा गेला, माहा काहून नाही जाणार? तू सांगतलं असतं त मी त्याच दिवशी आलो असतो इथं."

गजेंद्रनं मान वर केली. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. इतके दिवस तो खरं बोलल्याबद्दल स्वतःला कोसत होता. म्हाताऱ्याची तक्रार त्या चार वर्षांची होती.

"तुमाले दुःख झालं असतं," तो कसाबसा म्हणाला.

"झालंच असतं. चार दिवस रुसलो असतो. तुह्याशी बोललो नसतो, तुह्या घरचं जेवलो नसतो. मंग झालं असतं सारं पयल्यासारखं. रुसलेल्या मानसाले समजावता येते, बाप्पा. मेलेल्याले कोन समजावते?"

गजेंद्र रडला. तापात, पोटदुखीत, ऑपरेशनच्या टाक्यांतही कधी रडला नव्हता इतका रडला. डोमाजींनी त्याला रडू दिलं. मग घसा खाकरून म्हणाले की ते चार दिवस अजून बाकी आहेत, आजपासून आपण रुसलो आहोत. आणि खरोखरच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते घरी आले तरी रुसलेलेच होते. ओट्यावर बसत, गजेंद्र दिसला की मान वळवत. कोणी तापाचं पोर घेऊन आलं तर त्याला आधी रक्त तपासायला पिटाळत आणि ते शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. गजेंद्र दोन्ही वेळा डबा घेऊन जाई. डोमाजी डब्याला हात लावत नसत. तो समोर मांडी घालून बसे, दुकानातल्या गोष्टी सांगे, कालच्या वऱ्हाडात कोण नाचताना पडलं ते सांगे. डोमाजींच्या मिशा हलत, पण हसू बाहेर येत नसे. शेवटी तो वरण-भात कालवून घास त्यांच्या तोंडापुढे धरी, आणि मग ते उपकार केल्यासारखे तोंड उघडत. घरी परतताना तो रिकामा डबा हलवत, शीळ घालत येई. श्रद्धा दारातून विचारी की बोलले का काकाजी. तो आनंदानं सांगे, नाही, अजून रुसलेलेच आहेत.